ढेकळांमधला दगड

गोफणीतून सुटलेला गोटा ढेकळावर हवेतच आपटला आणि मातीचा भुगा पाहुण्यांच्या डोक्यावर पडला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

“पाह्यलं?” रंगरावांनी मांडीवर थाप मारली. “हवेतल्या हवेत फोडलं. आता म्हण, होत नाही म्हणून!”

“मामा, ते ढेकूळ होतं,” हर्षल म्हणाला.

“ढेकूळ काय अन् क्षेपणास्त्र काय, फोडाची रीत तेच ना बे!”

जानेफळच्या शिवारात रंगरावांची आठ एकर ज्वारी हुरड्यावर आली होती, म्हणून पुण्याचा भाचा तीन मित्रांना घेऊन हुरडा खायला आला होता. हर्षल रडार बनवणाऱ्या कुठल्याशा कंपनीत नोकरीला होता. गेल्या मे महिन्यात सीमेवर क्षेपणास्त्रं उडाली, तेव्हापासून मामा-भाच्यात फोनवर एकच वाद चालू होता. बाहेरून आलेलं एकही क्षेपणास्त्र खाली पडणार नाही, असं कवच साऱ्या देशावर घालता येतं की नाही? मामा म्हणत, येतं. रोज टीव्हीवर दाखवतात. भाचा म्हणे, चार-दहा अडवता येतील, पण सगळा देश झाकणं आजच्या तंत्राला झेपणारं नाही. शेवटी हातच्या कांकणाला आरसा कशाला, असं म्हणून मामांनी राखणदार कचरूला मचाणावरून खाली बोलावलं होतं.

कचरू वीस वर्षं रंगरावांच्या ज्वारीवरची पाखरं हाकत होता. कणसावरची भोरडी उडवील पण दाणा सांडू देणार नाही, अशी त्याची गोफण. एवढ्या कौतुकाची मात्र त्याला सवय नव्हती. फार बरं वाटलं त्याला. त्यानं मान खाली घालून हसू लपवलं आणि दुसरा गोटा गोफणीत घातला.

“डावीकडून!” रंगराव ओरडले. एका पाहुण्यानं डावीकडून ढेकूळ उंच फेकलं. फुटलं.

“उजवीकडून!” तेही फुटलं.

“तीनाले तीन! माह्या वावरात कचऱ्या असला तं एक बी पाखरू आत येत नाही, समजलं?”

हर्षलनं चटणीची बोटं चाटली. “शत्रू काय फोन करून सांगणार आहे का, डावीकडून येतोय म्हणून? आणि चुकलं तर फुटणार काय? मागे काहीच नाही. अशी चाचणी कुणीही पास होईल.”

“मंग ठेव काई बी मांगं. ठेव दिल्ली!”

हर्षलनं इकडेतिकडे पाहिलं. आगटीशी कचरूची बायको विमलबाई भाजलेली कणसं चोळत होती. धुरानं डोळ्यांत पाणी आलं, म्हणून तिनं चष्मा काढून मांडीवर ठेवला होता. हर्षलनं तो उचलला आणि बाभळीच्या खुंटाच्या सपाट डोक्यावर नीट बसवला. उन्हात तो छान चमकला.

“ही दिल्ली.”

“भाऊ, तेवढा नका घेऊ,” विमलबाई चाचपडत उठली. “त्याच्याबिगर मले काईच दिसत नाही. मोतीबिंदूचं आपरेशन झालं तवा शिबिरात भेटला तो.”

“तुह्या नवऱ्यावर भरोसा नाही काय वं?” रंगराव म्हणाले, आणि सगळे हसले.

चारचौघांत कोणती बाई याला नाही म्हणेल? ती खाली बसली.

कचरू हसला नाही. “मालक, दुसरं काई ठिवा. मडकं ठिवा.”

“काऊन बे? भेव लागलं? पाहुण्यांत माही इज्जत घालवतं काय?”

पोट भरलं की माणसाला प्रयोग फार सुचतात. हर्षल वीस पावलांवर गेला, तिथं त्यानं ओंजळभर ढेकळं गोळा केली आणि त्यांत मुठीएवढा एक दगड घातला. दगडाला ओली माती चोळून त्यानं त्याचंही ढेकूळ केलं आणि मित्रांना दाखवलं. मित्रांना ती कल्पना फार आवडली.

“मामा, खरं क्षेपणास्त्र एकटं येत नाही. सोबत खोटी आणतं, आणि वरून सगळी सारखीच दिसतात. यात एकच दगड आहे, बाकी माती. ओळखू दे त्याला.”

“मालक,” कचरू म्हणाला, “गोफनीत एका टायमाले एकच गोटा राह्यते.”

“मंग बरोबर त्यालेच मार.”

कचरू खुंटाजवळ उभा राहून गोफण गरगर फिरवू लागला. या वेळी कुणी डावं-उजवं सांगितलं नाही. हर्षलनं दोन्ही हातांनी सगळं एकदम खुंटाच्या दिशेनं उंच भिरकावलं. आभाळात सात काळे ठिपके दिसले. त्यांतला जड वाटला तो कचरूनं निवडला आणि गोटा सोडला. ठिपका फुटला. माती होती.

उरलेले सहा खाली येत होते. कचरूनं गोफण टाकली आणि उजवा पंजा चष्म्यावर छत्रीसारखा धरला.

दगड पंजावर पडला. पंजा दगडाखाली दबला आणि चष्मा पंजाखाली. आधी हाडाचा आवाज आला, मग काचेचा.

कचरूनं हात उचलला तेव्हा त्याची दोन बोटं भलतीकडेच वळली होती आणि तळव्यात काच रुतली होती. चष्म्याच्या दोन्ही काचा गेल्या होत्या.

“अडवला!” रंगराव उठून उभे राहिले. “दगड दिल्लीवर पडलाच नाही. हातावर पडला!”

“मामा, दिल्ली फुटली.”

“ते तं त्याच्याच हातानं फुटली. दगडानं नाही फुटली. हे धरता येत नाही.”

“फुटली ना? मग कुणाच्या हातानं, याला काय अर्थ आहे?”

“अन् हात मंधात घालाले त्याले सांगतलं होतं कोनं?”

नियम आधीच ठरवायला हवे होते, असं एक मित्र म्हणाला. ते सगळ्यांना पटलं. घरी जेवण तयार होतं, म्हणून वाद घालत घालतच मंडळी गाडीकडं निघाली. दार लावताना रंगरावांना आठवण झाली.

“हळद लाव बे. मोठा नाही मार. अन् ध्यान ठेव, आमी वापस येऊ तंवर एक बी पाखरू नाही पायजे वावरात.”

“हाव, मालक.”

गाडी गेली. विमलबाईनं पदराची चिंधी फाडली आणि त्याचा हात बांधायला घेतला. कुठलं बोट कुठं आहे ते तिला दिसत नव्हतं. ती चाचपून पाहत होती, आणि दर वेळी कचरूचा श्वास अडकत होता. मग दोघं मचाणाखाली बसून राहिली.

तासाभरानं भोरड्या आल्या. आधी वीस-पंचवीस. त्यांनी एक घिरटी घातली, कुणी हाकललं नाही म्हणून खाली उतरल्या. मग मागून सगळा थवा आला आणि बांधापासून बांधापर्यंत ज्वारी वाकली.

विमलबाईनं कान दिला. पाखरं हाकायचं पत्र्याचं डबडं शेजारीच पडलेलं होतं. ते आणि काठी तिनं चाचपून हातात घेतली. गोफणीला उजवा हात लागतो; हाळी द्यायला काही हात लागत नाही. कचरूनं हाळी दिली नव्हती.

“पाखरं आली काय हो?”

कचरू ज्वारीकडं पाहत होता.

“नाही,” तो म्हणाला. “एक बी नाही.”

पाखरांचा कालवा एवढा होता की हे सांगायला त्याला आवाज चढवावा लागला. विमलबाईनं त्याच्याकडं तोंड वळवलं. मग तिनं काठी खाली ठेवली, डबडं पालथं घातलं आणि त्याचा बांधलेला हात आपल्या मांडीवर घेतला.