न चाळलेलं खत

इमारतीच्या मागे खताच्या चार पेट्या आहेत आणि त्या माझ्या ताब्यात आहेत. कोण सालींबरोबर प्लास्टिक टाकतं, कोण उरलेली भाजी ओततं, मला नुसत्या वासावरून कळतं. चौदा बिऱ्हाडं माझ्या धाकात आहेत. आमची सूनबाई मात्र नाही.

सकाळी तिने बाल्कनीतल्या कुंडीसाठी बादलीभर खत मागितलं. "आई, चाळलंय ना? गब्बू हल्ली माती तोंडात घालतो." गब्बू म्हणजे माझा नातू, आठ महिन्यांचा.

"मग! न चाळता देईन का मी?" मी ठसक्यात म्हटलं.

चाळलं नव्हतं. खांदा दुखत होता आणि एका बादलीने असं काय होणार होतं? कुंडी भरून, रोप लावून मी पुन्हा खाली आले.

पेटीचा तळ खरवडताना फावड्याला काहीतरी मऊ लागलं. पांढरी, लांबट अंडी, एकमेकांना चिकटलेली. दाबली तर चामड्यासारखी. पाच भरलेली होती, दोन चिरलेली. घोसाच्या कडेला काहीतरी तुटून गेल्याची ताजी खूण होती.

माळीबुवा डोकावले आणि झटकन मागे सरले. "काकू, हात काढा! सापाची आहेत. मादी उबेला घालते ती."

"विषारी असेल?"

"ते कसं सांगू? पण विषारी असलं तर पिल्लालाही विष असतं. बाकीची कुठे गेली?"

बादली मी याच कोपऱ्यातून भरली होती. फावडं तिथेच टाकून मी धावले.

तीन जिने कशी चढले माझं मला ठाऊक. सूनबाई स्वयंपाकघरात होती. बाल्कनीत गब्बू दुपट्यावर बसून कुंडीतली माती उपसत होता, गाल फुगवून. बोट घालून मी त्याचं तोंड उघडलं. माती निघाली, आणि मातीबरोबर एक पांढरा, चिवट तुकडा. एका बाजूने सरळ चिरलेला.

त्याचे हात, पाय, गळा, सगळं पाहिलं. कुठे खूण नव्हती.

"आई, काय झालं?"

"चाळलं नव्हतं गं मी. खोटं बोलले. खतात सापाची अंडी होती. एक इथे फुटलंय."

ती पांढरीफटक पडली. गब्बूला दुपट्यासकट गुंडाळून मी तिच्या हातात कोंबलं. "आतल्या खोलीत जा. दार लाव, फटीला टॉवेल लाव. मी हाक मारल्याशिवाय उघडायचं नाही!" पहिल्यांदाच तिने उलट उत्तर दिलं नाही.

मग बाल्कनीचं दार लावून, चाळणी घेऊन मी बसले. जीव मुठीत धरून एकेक मूठ चाळली. साली निघाल्या, एक बटण निघालं. कोंबडीच्या अंड्याचं टरफल दिसलं तेव्हा हातातली चाळणीच पडली. कुंडी रिकामी झाली, उलटी करून आपटली. काही नाही. कोपरे पाहिले. तिथेही काही नाही.

गब्बूने सांडलेल्या मातीत एक चौकोन तेवढा स्वच्छ होता, दुपटं अंथरलं होतं तिथे. मातीवर करंगळीपेक्षाही बारीक, नागमोडी रेघ होती. ती कुंडीपासून निघून चौकोनाच्या कडेपर्यंत आली होती. पलीकडे कुठेच नव्हती.

हाक मारायला मी तोंड उघडलं, तोच आत गब्बू रडायला लागला.