आबांचं एवढंसं काम

शिरूरच्या एसटी स्टँडमागे, खताच्या दुकानाच्या माडीवर तेजश्रीची चार जणांची कंपनी होती. दूध संस्थांसाठी ॲप बनवायची. दोन आठवड्यांचं काम आधी ठरवायचं, त्याच्या चिठ्ठ्या फळ्यावर लावायच्या आणि तेवढंच पुरं करायचं, याला ते स्प्रिंट म्हणत. गेल्या सहांपैकी एकही स्प्रिंट पुरा झाला नव्हता, आणि त्याचं मोठं कारण म्हणजे कवठे येमाईच्या संस्थेचे चेअरमन हौसराव आबा. आबा फोन करत नसत. शिरूरला आले की थेट जिना चढत.

या वेळी स्प्रिंटच्या तिसऱ्याच दिवशी आले.

"पोरी, एवढंसंच काम हाय. दूध घालणाऱ्याचं नाव पडद्यावर बारीक दिसतंय. चष्मा लावूनबी वाचता येईना."

मागे कोड लिहीत बसलेल्या सोहेबनं डोक्याला हात लावला. आबांचं एवढंसं काम त्याचे दोन दिवस खायचं.

तेजश्रीनं आबांना चहा दिला आणि फळ्यासमोर बसवलं. "तुमचं काम लगेच घेते, आबा. फक्त त्याच्या बदल्यात दोन दिवसांच्या कामाची एक चिठ्ठी तुमच्या हातानं काढा."

आबांनी फळा वाचला आणि गालात हसत एक चिठ्ठी काढली. "ही दौंडची हाय. त्यांना कसली घाई?"

"मग सिद्दीकमामांना तुम्हीच सांगा." तेजश्रीनं दौंडच्या चेअरमनना फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"सिद्दीकभाई, तुमचं काम जरा बाजूला ठिवलंय," आबा गोडीनं म्हणाले.

"कुणाला विचारून?" फोन कडाडला. "दुधाला फॅट किती लागली त्याचा मेसेज जाईना म्हणून रोज सकाळी पन्नास माणूस माझ्या दारात उभं ऱ्हातंय! चहा करून करून बायको माहेरी निघालीय!"

आबांनी चिठ्ठी गुपचूप जागेवर लावली. मग शोधता शोधता बोट एका चिठ्ठीवर थांबलं. 'ॲप उघडताच चेअरमनचा फोटो.' गेल्या महिन्यातलं त्यांचंच एवढंसं काम.

चष्मा सारखा करून त्यांनी ती पुन्हा वाचली. शेवटी चिठ्ठी काढून तेजश्रीच्या हातात दिली.

"ऱ्हाऊ दे. पण फोटो नीट ठिव. फेटा चांगला बसलाय त्यात."

दुसऱ्या आठवड्याच्या शुक्रवारी, दुपारी चारलाच, सगळ्या चिठ्ठ्या 'झालं'च्या रकान्यात गेल्या. पुढं काय करायचं ते कुणालाच सुचेना. सोहेब भेळ आणायला गेला. तेजश्रीनं नव्या स्प्रिंटमध्ये अचानक येणाऱ्या कामांसाठी दोन दिवस मोकळे सोडले. मग सवयीनं जिन्याकडे पाहिलं. कुणीच वर येत नव्हतं, आणि तिला उगीचच चुकल्याचुकल्यासारखं झालं.