सासूने दिलेलं पीस

अहो, इकडे खाली बघा, चुलीपाशी! मी शाक्वाचा बाण बोलतोय. मोडलोय खरा, पण मोडलेल्याने बोलू नये असं थोडंच आहे?

आम्हा हादझा शिकाऱ्यांच्या रानात, आफ्रिकेतल्या एयासी सरोवराकाठी, ज्याचा बाण त्यानेच करायचा. शाक्वाने मला झुडपातून कापलं, साल सोलली, विस्तवावर शेकलं आणि जिथे वाकडा होतो तिथे दातांत धरून सरळ केलं. दुखलं, खोटं कशाला सांगू!

शाक्वा घरजावई. लग्न झालं की बायकोच्या माणसांत राहायचं आणि सासूला मांस आणून घालायचं. पण हा गडी रोज रिकाम्या हातांनी परतायचा. शेवटी जावयाशी थेट कधी न बोलणाऱ्या सासूने, एस्ताने, त्याच्यादेखत लेकीला सुनावलं, "तुमा, मुक्काम हलायच्या आत मांस आलं नाही, तर तुझा नवरा इथेच राहू दे. गोरखचिंचेला टेकून बसायला बरा आहे!"

तुमाच्या डोळ्यांत पाणी आलं. शाक्वाने घाईघाईने हरणाच्या शिरेची तात चघळून मऊ केली आणि गिनी कोंबडीची तीन पिसं माझ्या शेपटाशी बांधली. घाईच नडली. सगळी पिसं एकाच बाजूच्या पंखाची हवीत, नाहीतर ती आपसांत भांडतात. माझं एक पीस दुसऱ्या पंखाचं लागलं. हरीण अगदी समोर होतं आणि मी निघालो तो झिंगल्यासारखा डुलत! हरीण जागचं हललंसुद्धा नाही. लाजेने मेलो मी.

शाक्वा मला घेऊन परतला आणि त्याने मला चुलीपाशी टाकून दिलं. एस्ता कंद भाजत होती. तिने मला उचललं, पिसांवरून बोट फिरवलं. म्हटलं, गेलो आता विस्तवात.

"काय गं तुमा, आंधळ्याशी लग्न केलंस का?" असं म्हणत तिने विस्तवाला वारा घालायचा आपला पंख घेतला, त्यातलं जुळत्या बाजूचं एक चांगलं पीस उपटलं आणि शाक्वापुढे टाकलं. "हे लाव म्हणावं. आणि सावकाश. आम्ही एक दिवस थांबतो."

शाक्वाने दुपारभर बसून मला नव्याने बांधलं. दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर हरीण दिसलं. मी सरळ गेलो. काय गेलो म्हणून सांगू! हरीण जरा धावलं आणि माझ्यावरच कोसळलं. मी कडकन मोडलो.

मांस आलं, सगळ्यांत वाटून झालं. कौतुक कुणी केलं नाही. "म्हातारं होतं जनावर," एस्ता म्हणाली, आणि आणखी एका तुकड्यासाठी हात पुढे केला.

आज मुक्काम हलतोय. माझं पातं आणि पिसं शाक्वाने पुढच्या बाणासाठी काढून घेतली. काडी तेवढी उरली, ती आता चुलीत जाईल. जाऊ दे. वर उरलेलं मांस भाजतंय, त्याच्याखाली जळायला मला आनंदच आहे. येतो मी. पण जाता जाता ऐकून घ्या, एस्ता हाक मारतेय:

"शाक्वा, ऊठ की बाबा! तू पुढे झाल्याशिवाय आम्ही बायकांनी निघायचं कसं?"