डाव्या पायाची गाडी

शेवटच्या वळणाच्या तोंडाशी दादांनी क्लच दाबला, गाडी तिसऱ्यातून दुसऱ्या गिअरमध्ये ओढली आणि ब्रेकवरचा पाय न उचलता उजव्या टाचेनेच अ‍ॅक्सिलरेटरला एक ठोसा दिला. इंजिन गुरगुरलं. मागची चाकं तसूभरही न घसरता वळली आणि गाडी पांढऱ्या रेघेवरून वर निघून गेली.

"दोन मिनिटं एकतीस," पुतणी म्हणाली. "काका, साठी उलटली, पण हात अजून तेच आहेत."

दादा उतरले. इंजिनाच्या वासाने त्यांना बरं वाटलं. या घाटरस्त्यावर त्यांनी सात वेळा चढणीची शर्यत मारली होती आणि एकदाही गिअर चुकला नव्हता. आजही चुकला नाही.

ही चाचणी पुतणीनेच ठरवली होती. गाड्यांचा कारखाना आता ती सांभाळत होती आणि येणारं प्रत्येक गिऱ्हाईक तिला एकच विचारायचं, गिअरची गाडी जोरात की ऑटोमॅटिक? रोजच्या वादाला कंटाळून तिने सकाळी दोन तास रस्ता बंद करून घेतला आणि एकाच इंजिनाच्या, एकसारख्या टायरांच्या दोन गाड्या आणल्या. गिअरची दादांनी चालवायची हे सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. ऑटोमॅटिक कोण चालवणार, यावर ती एवढंच म्हणाली होती, "बाबा."

दादांचा धाकटा भाऊ छत्तीस वर्षं या रस्त्यावर यायचा, पण वरच्या टोकाला उभा राहून वेळ मोजायला. सव्विसाव्या वर्षी दादांच्याच शर्यतीच्या गाडीचा गिअरबॉक्स उतरवताना जॅक सरकला आणि त्याच्या डाव्या गुडघ्याचा चुरा झाला. त्याआधी लोक म्हणत, थोरला जोरात चालवतो, पण धाकटा छान चालवतो. नंतर क्लच दाबणं त्याला कधी जमलं नाही.

बरा झाल्यावर एकदा जेवताना तो म्हणाला होता, "दादा, आपण एखादी ऑटोमॅटिक तयार केली तर? तिला डावा पाय लागत नाही."

दादा मोठ्याने हसले होते. "अरे, ती गाडी नव्हे, पाळणा आहे. त्यात बसून लोक झोपी जातात. शर्यतीत लाज काढशील माझी."

धाकटाही हसला होता. मग त्याने पानातलं संपवलं आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

खालून आवाज आला. दादा कान देऊन ऐकू लागले. गिअर बदलताना इंजिन जो क्षणभर दम घेतं, तो कुठे ऐकूच येईना. आवाज नुसता चढत होता, जरासा उतरून लगेच पुन्हा चढत होता. वरून दिसणारं मधलं नागमोडी वळण आलं. तिथे दादा नेहमी कडेला जाऊन मग आत यायचे. धाकट्याने गाडी आधीच आत घातली, एवढी अलगद की टायर कुजबुजलेसुद्धा नाहीत. दादांच्या मनात आलं, ही रेषा याने शोधली कधी? मग लक्षात आलं, वर उभं राहून छत्तीस वर्षं दुसरं काय पाहत होता तो.

"दोन सत्तावीस," पुतणी म्हणाली. तिने आकडा पुन्हा एकदा नीट पाहिला.

दादा धाकट्याच्या खिडकीशी गेले. तो दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसला होता. कपाळावर घाम होता.

"यंत्र हाताहून चपळ झालंय आता," दादा म्हणाले. "गिअर बदलताना ओढ तुटतच नाही."

"हो ना."

"चार सेकंद काही नुसत्या यंत्राचे नाहीत पण."

धाकट्याने कपाळावरचा घाम पुसला.

दादांनी खिडकीच्या कडेवरची धूळ बोटाने पुसली. "तेव्हा तू म्हणाला होतास ना... मी तेव्हा हसायला नको होतं."

"तेव्हा तू बरोबर होतास, दादा," धाकटा म्हणाला. त्याच्या आवाजात रुसवा नव्हता. "नंतर एकदा मी कुणाची तरी ऑटोमॅटिक मागून आणली होती. पहाटे एकटाच आलो. तेव्हाच्या त्या गाड्या म्हणजे नुसता रबरी खेळ, पाय दाबला की ओढ मागाहून यायची. तुझ्यापेक्षा अकरा सेकंद जास्त लागले."

"मग सांगितलं नाहीस कधी?"

"काय सांगायचं? हरलोच असतो मी. दर वर्षी हरलो असतो." तो थांबला. "हरायला काही हरकत नव्हती माझी."

दादा पुतणीकडे वळले. "यंदाचे अर्ज सुरू आहेत ना? याचं नाव घाल. माझं काढ हवं तर."

"काका, नवीन माणसाला पन्नाशीच्या आतच घेतात. तुम्ही जुने म्हणून चालता." तिने बापाकडे पाहिलं. "बाबांनी मागेच विचारलं होतं."

रस्ता उघडायला अजून पाऊण तास होता. दादांनी गाडीला वळसा घातला, दुसरं दार उघडलं आणि शेजारच्या सीटवर बसून पट्टा ओढला.

"खाली जाऊन एकदा परत वर चल," ते म्हणाले. "घाई नको करू."

"घाईच तर करायची असते इथे," धाकटा म्हणाला. "नीट बस."

खालून गाडी सुटली. पहिल्या चढावर सवयीने दादांचा डावा पाय जमिनीवर दाबला गेला. गिअर तर कधीच बदलून गेला होता.