कारभाऱ्याची मिशी

मित्रांनो, मी एक जुनी मिशी आहे. हसायचं असेल तर आताच हसून घ्या. पुढे फारसं हसण्यासारखं नाही.

साताऱ्यात अर्जुना नावाचे रंगभूषाकार होते. नाटकवाल्यांना ते दाढ्या, मिश्या, टोप करून द्यायचे. बारीक जाळीवर एकेक केस गाठवत त्यांनी मला तीन दिवसांत तयार केलं आणि माझी टोकं मुद्दाम खाली वळवली. "ही मिशी हसली तरी भ्या वाटाय पायजे गड्या," असं म्हणून त्यांनी मला सांगलीच्या तवनाप्पांच्या हातावर ठेवलं.

तवनाप्पा हळदीचे व्यापारी. बाजारात त्यांच्या शब्दावर लोक डोळे झाकून विश्वास टाकायचे. पण हौशी मंडळाच्या नाटकात ते दुष्ट कारभारी व्हायचे, आणि मी त्यांच्या ओठावर बसायची. नाटक साधं होतं. एक शूर गडकरी, त्याची सरळ मनाची बायको आणि एक कारभारी. गडकरी आपल्याला सोडून बायकोचा सल्ला घेतो, यामुळे कारभाऱ्याचा जळफळाट होतो. मग तो गडकऱ्याच्या मनात बायकोबद्दल संशय पेरतो. गंमत अशी की तो मोठं खोटं कधीच बोलत नाही. अर्धं वाक्य टाकतो आणि म्हणतो, "जाऊ द्या. मी काही बोललोच नाही." तेवढं गडकऱ्याला पुरतं. शेवटी तो आपल्या बायकोला बुरुजावरून ढकलून देतो, आणि खरं काय ते त्याला नंतर कळतं.

एकदा मध्यंतरात हरणाबाई नावाच्या आजी थेट रंगपटात आल्या. तवनाप्पांना म्हणाल्या, "आवं, चांगल्या घरचं दिसताय की. त्या पोरीनं काय वाकडं केलंय तुमचं?"

"काय न्हाई केलं मावशी," तवनाप्पा म्हणाले, "तेच तर बघवत न्हाई मला."

आजींना वाटलं, माणूस पुरता वाया गेला. पण मला ते कौतुकच वाटलं.

तवनाप्पांची एक रीत होती. ते जैन. दशलक्षण पर्व संपलं की त्यांच्यात सगळे एकमेकांना हात जोडून 'उत्तम क्षमा' म्हणतात. तवनाप्पा प्रत्येक प्रयोगानंतर तसं म्हणायचे. आधी खोबरेल तेल लावून मला हलकेच सोडवायचे, डब्यात ठेवायचे आणि मग गडकरी व त्याची बायको झालेल्या दोघांपुढे हात जोडायचे. मला कळायचं नाही, खोटं तर मी आणि ते मिळून बोललो. मग क्षमेच्या वेळी मी डब्यात का?

मग मंडळ थांबलं. तवनाप्पांचे गुडघे गेले. पत्र्याच्या डब्यात, डांबरगोळीच्या वासात माझी बारा वर्षं गेली.

गेल्या वर्षी डबा उघडला तो त्यांच्या नातीने, श्रद्धाने. विश्रामबागेतल्या तिच्या शाळेने साताऱ्यातल्या बालनाट्य स्पर्धेसाठी हेच नाटक घेतलं होतं आणि सगळ्या भूमिका मुलीच करणार होत्या. श्रद्धाला कारभारी मिळाला होता. तिला खरं तर गडकऱ्याची बायको व्हायचं होतं. ती भूमिका मिळाली शिवांजलीला. शिवांजली साताऱ्याकडची, एका फौजीची मुलगी, जूनमध्येच शाळेत आलेली. गडकरी होती स्वप्नाली. ती पाचवीपासून श्रद्धाच्या बाकावर बसायची. आता शिवांजलीशेजारी बसायला लागली होती.

शेवटच्या प्रवेशात एक जपून करायची गोष्ट होती. लाकडी बुरुज चांगला उंच होता, आणि त्याच्या मागे एक स्टूल ठेवलेलं असे. गडकऱ्याने ढकलल्यासारखं करायचं, पण शिवांजलीचा पाय स्टुलावर टेकेपर्यंत तिचं मनगट सोडायचं नाही. तालमीत स्वप्नालीचा हात एकदाही सुटला नव्हता.

स्पर्धेच्या दिवशी बसमध्ये मी श्रद्धाच्या सॅकमध्ये होते. कराड मागे पडलं तेव्हा मला ओळखीचं वाक्य ऐकू आलं. "जाऊ दे. मी काय बोललेच नाही."

मला वाटलं, श्रद्धा संवाद घोकतेय. पण पुढचं वाक्य नाटकातलं नव्हतं.

"बोल की आता, अर्धवट काय?" स्वप्नाली म्हणाली.

"शिवांजली मॅडमना सांगत होती. तुला संवाद पाठ होत नाहीत म्हणे. गडकरी दुसरी कोणतरी घ्या म्हणली."

"ती? काल माझ्या डब्यातलं जेवली की ती."

"तुला काय, सगळेच चांगले दिसतात. माझं नाव सांगू नको हं."

मित्रांनो, हजार माणसांसमोर मी हेच बोलत आले होते, पण तिथे सगळ्यांना ठाऊक असायचं की हे खोटं आहे. बसमध्ये श्रद्धा सोडून ते फक्त मला ठाऊक होतं, आणि मी डब्यात होते.

नाटक सुरू झालं. तिसऱ्या प्रवेशात गडकरी बायकोचा हात धरून जाब विचारतो. स्वप्नालीने असा धरला की दोन बांगड्या फुटल्या आणि शिवांजलीच्या मनगटावर रक्त आलं. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या रांगेतलं कुणी म्हणालं, "लय भारी काम करतीय पोरगी."

स्वप्नालीचा हा अभिनय नव्हता, हे श्रद्धाला कळलं होतं. पुढचा प्रवेश बुरुजाचा होता.

अंधार झाला. दृश्य बदलायला दोन मिनिटं होती. श्रद्धाने मला धरलं आणि खसकन ओढलं. तेल नाही, काही नाही. माझी डावी बाजू तिच्या ओठावरच राहिली. तीही तिने नखाने खरवडून काढली. मग विंगेत दोघींपुढे जाऊन तिने हात जोडले.

"स्वप्नाली, शिवांजली तसं काय बोललीच नव्हती. मी रचलं. शिवांजली, तुझी भूमिका मला हवी होती म्हणून. उत्तम क्षमा."

"आता सांगतीस होय?" स्वप्नाली म्हणाली.

शिवांजलीने रक्त पदराला पुसलं. "ते नंतर बघू. स्वप्नाली, हात सोडशील का माझा?"

"न्हाई सोडणार."

तिने सोडला नाही. पाय टेकला तरी सोडला नाही. दिवे गेले तेव्हाही बुरुजामागे दोघींचे हात तसेच होते. कारभारी मात्र त्या प्रवेशात बिनमिशीचा, लाल झालेल्या ओठाने उभा राहिला. परीक्षकांनी लिहिलं, 'कारभाऱ्याची मिशी मध्येच गायब.' नंबर आला नाही.

परतताना श्रद्धा एकटीच बसली होती. शिवांजलीने मागून तिच्या हातात एक आवळा सुपारी ठेवली. स्वप्नाली मात्र तीन आठवडे बोलली नाही. बाक अजून वेगळेच आहेत.

घरी श्रद्धाने तवनाप्पांना सगळं सांगितलं आणि माझे तुकडे त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी एवढंच विचारलं, "क्षमा मिशी लावून मागितलीस का काढून?"

"काढून."

"मग बरं झालं. लावून मागितली असतीस तर ती कारभाऱ्यानं मागितली असती."

आता माझी डावी बाजू टकली आहे. साताऱ्याला पाठवून नवे केस लावून आणू, असं ते म्हणतात. मित्रांनो, मला जपायला डबा आणि डांबरगोळी पुरतात. तुम्ही आपले कान जपा. रंगमंचावर मला पाहिलं की दुष्ट कोण ते तुम्हाला लगेच कळतं. वर्गात तो माझ्याशिवाय येतो, तुमच्याच बाकावर बसतो, आणि कधी कधी तो तुम्हीच असता. कुणी 'जाऊ दे, मी काही बोललेच नाही' म्हणालं, तर उठा. जिच्याबद्दल ते बोलणं आहे, तिलाच जाऊन विचारा. आणि म्हणणारे तुम्हीच असाल, तर दिवे लागायच्या आत सांगून टाका. ओठ थोडा सोलवटतो. श्रद्धाचा आठ दिवसांत बरा झाला.