शाई न लावलेलं पान

“घट्ट धर. वाऱ्यानं उडालं तर दोन वर्षं नदीत जातील,” मिरेय म्हणाली आणि तिनं चित्रांचं मोठं काळं बाड माझ्या छातीशी दाबलं.

टेकडीवरच्या चौकात पांढरे तंबू उभारले होते आणि त्यांतल्या एकाबाहेर आम्ही रांगेत होतो. दर जानेवारीत फ्रान्समधल्या आमच्या आँगुलेमला चित्रकथांचा महोत्सव भरतो. हॉटेलं पुरत नाहीत, म्हणून गावातले लोक आपल्या घरातल्या खोल्या पाहुण्यांना देतात. बायको गेल्यापासून माझी वरची खोली रिकामीच असते. यंदा तिथं ही मुलगी उतरली होती. कॅनडातल्या मॉन्क्टनची, कलाशाळेच्या शेवटच्या वर्षाला. तिच्या किनाऱ्यावरची माणसं बोलतात आमचीच भाषा, पण ‘तुम्ही’ म्हणणं त्यांना जमत नाही. मी दार उघडलं तेव्हा ती म्हणाली होती, “तूच ओक्ताव्ह ना? मग हो बाजूला, मी गारठलेय.” मला ‘तू’ म्हणणारं माणूस त्या घरात उरलं नव्हतं. बाजूला व्हायला मला जरा वेळच लागला.

सकाळी तिनं विचारलं, “येतोस सोबत? एकटीनं उभं राहायला भीती वाटते.” मी आयुष्यभर छापखान्यात मुद्रितं तपासली. अशा गर्दीत माझा काय उपयोग, हे तिला सांगायचं होतं. पण तोवर तिनं बाड माझ्या हातात दिलंसुद्धा होतं.

रांगेत सगळी कलाशाळांतली पोरं. आत टेबलांमागे संपादक बसलेले. एकेकानं जायचं, बाड उघडायचं आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहायचं. बहुतेक जण लगेचच बाहेर येत होते आणि बाहेर आल्यावर मोठ्यानं हसत होते.

पुढचा दाढीवाला विद्यार्थी मागे वळला. “काय आजोबा, तुम्हीपण नशीब काढायला?”

मिरेय म्हणाली, “तो माझा हमाल आहे. आणि दाढी कशी करतात, ते शिकून घे त्याच्याकडून.”

“हमाल परवडतो तुला? मग पुस्तक कशाला छापतेस?”

“पुस्तक माझं एकटीचं नाहीये,” ती म्हणाली.

पुस्तक दोघांचं होतं, तिचं आणि आन्सेल्मचं. दोघं कलाशाळेत एका बाकावर बसायचे. आन्सेल्म पेन्सिलीनं चित्रं काढायचा, ती त्यांवर शाई चढवायची. त्याचे आजोबा हिवाळ्यात गोठलेल्या खाडीवरून चालत टपाल पोचवायचे, त्यांची ही कथा होती. शरद ऋतूत आन्सेल्म रुग्णालयात गेला, रक्ताच्या आजारानं. घरी येईल असं आधी डॉक्टर म्हणत होते. आता ते त्याबद्दल बोलत नव्हते.

“तो रोज विचारतो, कुणी घेतलं का? कुणी घेतलं का?” मिरेय म्हणाली होती. “काहीतरी हातात घेऊनच त्याला फोन करायचाय मला. रिकाम्या हातानं नाही.”

आमची पाळी आली. मादाम रूसेल नावाच्या बाई होत्या, साठीच्या, गळ्यात लोकरी मफलर. बोटं सिगारेटनं पिवळी झालेली. त्यांनी पानं उलटायला सुरुवात केली आणि थांबल्या नाहीत. मी मागे उभा राहून पाहत होतो. इतक्या पानांपर्यंत रांगेतलं दुसरं कुणी पोचलं नव्हतं. मिरेयनं न बघता माझी बाही धरली.

“गोष्ट चांगली आहे,” मादाम म्हणाल्या. “चौकटींची मांडणी फार चांगली. ही कुणाची?”

“आन्सेल्मची. पेन्सिल सगळी त्याची.”

“आणि शाई तुमची. हात फार स्वच्छ आहे तुमचा.” त्या आणखी दोन पानं पुढे गेल्या. “पेन्सिलीची चित्रं बघायला मिळतील?”

“या शाईखालीच होती ती.”

“हो, पण शाई चढवायच्या आधी स्कॅन केली असतील ना?”

“नाही.”

“एकही?”

मिरेयचा आवाज बारीक झाला. “आमच्या कलाशाळेत शाई वाळली की रबर फिरवायचं असतं. सर पान खिडकीशी धरून बघतात. पेन्सिलीची एक रेघ जरी राहिली तरी परत पाठवतात. माझं पान कधी परत आलं नाही.”

मादाम रूसेलनी चष्मा काढला. त्या काही बोलणार तोच बाडाच्या मागच्या खिशातून एक कागद अर्धवट बाहेर आलेला त्यांना दिसला.

“हे काय?”

“ते अपुरं आहे,” मिरेय घाईनं म्हणाली. “शेवटचं पान. त्यानं रुग्णालयात काढलं. मी निघायच्या दिवशी दिलं. मी विमानात शाई चढवणार होते, पण धीर झाला नाही. राहू दे ते.”

मादामनी ते बाहेर काढलंच.

मला चित्रांतलं कळत नाही, तेव्हा मी काय सांगणार! पण मी पाहिलं ते सांगतो. टपालवाला म्हातारा घरी पोचलाय, बूट काढलेत आणि गार पडलेले पाय गरम पाण्याच्या घमेल्यात सोडून बसलाय. एकेक रेघ चारचारदा ओढलेली. कुठली खरी, हे हाताला ठरवता आलं नसावं. त्यामुळे ते पाय पाण्यात हलताहेत असं वाटत होतं. म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर तर जवळजवळ काहीच नव्हतं. तरी तो किती दमलाय ते दिसत होतं.

मादाम रूसेल त्या पानाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी आधीचं पान त्याच्या शेजारी ठेवलं. शाईतलं, काळंभोर, नेटकं. त्यातला म्हातारा नुसता रेखीव होता, दमलेला वाटत नव्हता. मिरेयनंही दोन्ही पानं पाहिली आणि माझी बाही सोडून दिली.

“बाकीची पानंही अशीच होती?” मादामनी अगदी हळू विचारलं.

“याहून चांगली,” मिरेय म्हणाली. “तेव्हा त्याचा हात धड होता.”

बाहेरचा वारा तंबूच्या कापडावर आपटत होता.

“पुस्तक मला घेता येणार नाही,” मादाम म्हणाल्या. “कारण तुम्हाला दिसलंय. पण आमचं एक मासिक आहे. एप्रिलच्या अंकात हे एक पान छापीन. आहे तसं. त्यावर कुणी शाई लावायची नाही. चालेल?”

“चालेल.”

“नावं सांगा. दोघांची.”

“एकच. आन्सेल्म गालाँ.”

“पुस्तक तुम्ही दोघांनी मिळून—”

“या पानात माझं काही नाहीये,” मिरेय म्हणाली. “त्याचंच लिहा.”

मादाम रूसेलनी कागदाच्या चिठोऱ्यावर नाव लिहिलं आणि तिला दाखवलं. मिरेयनं स्पेलिंग तपासलं. एरवी ते काम माझं होतं.

उतारावरून घरी येताना ती माझ्यापुढे भराभर चालत होती. बाड मीच धरलं होतं. काहीतरी बोलावं असं मला वाटत होतं. की शिकवलं तेच केलंस, की यात तुझा दोष नाही. वाक्यं मनात जुळवेपर्यंत घर आलं. माझं नेहमी असंच होतं.

मी स्वयंपाकघरात कांद्याचं सूप तापत ठेवलं. ती टेबलाशी बसली, डगलासुद्धा न काढता, आणि तिनं फोन लावला. आमच्याकडे दिवेलागण झाली होती, त्यांच्याकडे अजून दुपार होती. फोन टेबलावरच ठेवून ती बोलत होती. मी बाहेर जायला निघालो तर तिनं हातानंच थांब म्हणून खूण केली.

“बोला राणीसरकार,” पलीकडून आवाज आला. तरुण पोराचा, पण धाप लागलेला. “फ्रान्स जिंकलं?”

“थोडंसं.”

“थोडंसं म्हणजे किती? नर्सनं इथं पैज लावलीय माझ्याशी.”

“एक पान. एप्रिलच्या अंकात छापणार आहेत. मोठं मासिक आहे.”

“कुठलं पान?”

“शेवटचं.”

“घमेल्याचं? त्याला तर शाई नाहीये.”

“लावली मी. इथं बसून. छान झालंय.”

“पाय नीट आले? मला ते पाय काही केल्या साधत नव्हते.”

“आले. मी सावरून घेतले.”

“तू काय, तू सगळंच सावरतेस.” तो हसला आणि खोकला. खोकला थांबेपर्यंत मिरेय फोनकडे बघत बसली. “आणि नावं? दोघांची टाकणार ना? नाहीतर मी भांडायला येईन हां.”

“दोघांची.”

“कुणाचं आधी?”

“तुझं. गधड्या, तुझंच आधी.”

“आणि अंक एप्रिलला.”

“हो. एप्रिलला.”

“म्हणजे बरंच झालं,” आन्सेल्म म्हणाला. “तुझं खोटं काही मला पकडता यायचं नाही.”

मिरेयनं टेबलावरचा फोन आणखी जवळ ओढला. गॅसवर सूप उतू जायला आलं. मी ज्योत बारीक केली आणि पाठमोराच उभा राहिलो.

“गप्प का?” तो म्हणाला. “अगं, मी नुसतं म्हणतोय. जेवलीस का?”

“जेवले.”

“काय?”

“सूप. कांद्याचं. ब्रेडपण होता.”

“मग झोप आता. दमली असशील.”

फोन बंद झाला. मी वळलो. ती खुर्चीत ताठ बसली होती. तिनं डगला काढला, नीट घडी घालून मांडीवर ठेवला आणि टेबलावरची रिकामी बशी स्वतःपुढे ओढली.

“जेवले म्हणून सांगितलंय मी त्याला,” ती म्हणाली. “वाढ. तेवढं तरी खरं होऊ दे.”

मी वाढलं. ब्रेड कापून ठेवला. तिनं सगळं खाल्लं, बशी पुसून खाल्लं, आणि मी समोर बसून राहिलो.