नापीक असल्याचा दाखला

कुणाच्या घरात काय शिजतंय हे कळल्याशिवाय मोजणीवाल्या बाईंना स्वतःचं अन्न गोड लागत नसे. त्यामुळे हा अर्ज हाती येताच त्यांचे कान टवकारले. एकाहत्तर वर्षांचा परदेशी घड्याळजी गावाबाहेरचा धोंड्यांनी भरलेला तुकडा विकत मागत होता. कायदा सरळ होता: परदेशी माणसाला शेतजमीन घेता येत नाही, नापीक असेल तरच घेता येते. नापीक आहे की नाही, ते बाईंनी बघून लिहायचं होतं.

"काका, या माळात आहे तरी काय? पुरलेलं सोनं?" पोचल्या पोचल्या बाईंनी विचारलं.

"कसलं सोनं, ताई! चार वर्षं भाड्याने कसतोय. मालकीणबाई आता विकून लेकीकडे चालल्यात. दुसऱ्या कुणी घेतला तर मला निघावं लागेल."

'कसतोय' म्हणजे काय कसतोय? बाई टेप घेऊन टेकाडामागे गेल्या आणि थबकल्या. वेचलेल्या धोंड्यांचा बांध, आत काळी भुसभुशीत माती आणि शेंगांनी लगडलेला गुडघाभर वाटाणा.

"हे कुणी केलं?"

"मीच. गाव हसायचं. म्हणायचं, इथे गवतसुद्धा उगवणार नाही."

लोक पायावर धोंडा पाडून घेतात, या म्हाताऱ्याने धोंडे उचलून तेच साधलं होतं. बाईंना त्याचा रागही आला आणि कीवही.

"मी आज टेप विसरले असं समजा," हातातली टेप पिशवीत टाकत त्या म्हणाल्या. "उद्या सकाळी येते. उद्या जे दिसेल तेच लिहीन. कळलं ना?"

त्याने मान हलवली. त्याला सगळं कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी बाई थेट टेकाडामागेच गेल्या. वाटाणा होता तिथेच होता. वर नुकतंच पाणीही दिलेलं.

"काका! का नाही उपटलात?"

"दोनदा हात घातला, ताई. नाही झालं."

बाईंनी जड मनाने लिहिलं, 'लागवडीयोग्य', आणि शिक्का मारला. अर्ज बुडाला होता, आणि आता हा तुकडा घ्यायला गावातलेच धावणार होते.

घड्याळजीने चष्मा चढवून तो शब्द वाचला. मग पुन्हा वाचला.

"ताई, याची एक प्रत मिळेल का मला? जाण्याआधी गावात दाखवायची आहे."